चिठ्ठीने दिलेली उत्तरं

ऑपरेशन टेबलावरच्या बाईला पूर्ण भूल दिलेली आहे. स्तनातली गाठ काढायची आहे. दिवे लागलेत, नर्सने हत्यारं मांडून ठेवलीत. पण सर्जनच्या हातात अजून सुरी आलेली नाही, सिरिंज आहे. तिच्यात लिग्नोकेन आहे. दात काढताना हिरडीत टोचतात किंवा जखमेला टाके घालण्याआधी देतात, तेच बधिर करणारं साधं औषध. सर्जन ते गाठीच्या चहूबाजूंनी टोचतो आणि थांबतो. सात ते दहा मिनिटं जाऊ देतो. पहिली चीर त्यानंतर.

बाई तर आधीच बेशुद्ध आहे, तिला दुखण्याचा प्रश्नच नाही. मग बधिर कुणाला करायचं आहे? उत्तर ऐकून थक्क व्हायला होतं: कॅन्सरच्या पेशींना.

परळच्या टाटा मेमोरियलसह देशातल्या ११ केंद्रांत डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना पडताळून पाहिली. तिचं मूळ आपल्या मज्जातंतूंत आहे. वेदनेचा निरोप तंतूतून पुढे सरकतो तो सोडियमच्या जोरावर. पेशीच्या आवरणात सोडियम आत घेणाऱ्या अतिसूक्ष्म वाटा असतात. लिग्नोकेन त्या बंद करतं, निरोप अडतो आणि हिरडी बधिर होते. तशाच वाटा स्तनाच्या कॅन्सरच्या अनेक पेशींवरही सापडल्या आहेत. तिथे मात्र त्यांचं काम वेगळं असतं. सोडियम आत शिरला की पेशीच्या आसपासचा भाग आम्ल होतो, भोवतालचं ऊतक विरघळवणारी विकरं कामाला लागतात आणि पेशीला पुढे सरकायला जागा मिळते. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते, दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो. नेमक्या त्या वेळी काही पेशी निसटून रक्तात उतरत असतील, तर सुरी लावण्याआधीच त्यांच्या वाटा बंद का करू नयेत?

२०११ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर असलेल्या सुमारे १,६०० स्त्रिया सहभागी झाल्या. निम्म्यांना हे इंजेक्शन मिळालं, निम्म्यांना नाही. बाकीचे उपचार दोन्हीकडे सारखेच. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. इंजेक्शन न मिळालेल्या गटात पाच वर्षांनंतर ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के. आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे शंभर स्त्रियांमागे जवळपास चार जीव, आणि तेही रुग्णामागे शंभर रुपयांच्या आतल्या खर्चात. इंजेक्शन कुणाला दिलं हे सर्जनना ठाऊक होतं आणि दुसऱ्या गटाला लुटुपुटीचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, त्यामुळे इतर देशांतही ही चाचणी पुन्हा व्हायला हवी. पण एवढ्या जुन्या आणि स्वस्त औषधात हे लपलेलं होतं, याचंच मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

ठरवणारा कोण?

कुणाला इंजेक्शन द्यायचं हे बडव्यांनी ठरवलं नाही, त्या स्त्रियांनीही नाही. ते चिठ्ठीने ठरवलं. आज हे काम संगणक करतो, पण तत्त्व चिठ्ठी टाकण्याचंच. मला विचाराल तर आधुनिक वैद्यकातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

समजा, निवड डॉक्टरवर सोडली असती. नकळत त्याने धडधाकट रुग्णांना नवं औषध दिलं असतं आणि खंगलेल्यांना वगळलं असतं. निवड रुग्णांवर सोडली असती, तर शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या, वेळेवर तपासणीला येणाऱ्यांनी ते मागून घेतलं असतं. मग गुण औषधाचा की माणसांचा, हे कधीच कळलं नसतं. मिसळणाच्या डाळी पोत्यात नीट ढवळून दोन भरगच्च मापं काढली, तर दोन्हींत मूग, मटकी, चवळी साधारण सारख्याच येतात. चिठ्ठी तेच करते. वय, वजन, गरिबी, मधुमेह, इतकंच काय, आपल्याला अजून माहीतही नसलेल्या गोष्टी दोन्ही गटांत सारख्या वाटल्या जातात. फरक उरतो तो फक्त औषधाचा.

हे केलं नाही तर काय होतं, याचा एक धडा वैद्यक कधी विसरणार नाही. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या काही रुग्णांच्या हृदयात मधूनच जादा ठोके पडत. असे ठोके पडणारे अचानक दगावण्याचा धोका जास्त, हे माहीत होतं. ठोके दाबणारी औषधंही होती: एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड. औषध दिलं की ईसीजी सुधारलेला दिसे, डॉक्टर निर्धास्त होत. यात चुकण्यासारखं काय आहे? अखेर अमेरिकेत चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली. १९९१ मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मरण पावले. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणूस मरत होता. चाचणी मध्येच थांबवावी लागली. चिठ्ठी टाकली नसती, तर ही औषधं तशीच चालू राहिली असती आणि प्रत्येक मृत्यू मूळ आजाराच्या खात्यावर पडला असता.

ऑक्सिजनवरचे आणि ऑक्सिजनशिवायचे

कोविडच्या दिवसांत हा धडा सगळ्या जगाने पुन्हा गिरवला. 'प्लाझ्मा हवा आहे, तातडीने' असे निरोप रात्री-अपरात्री आपल्या सगळ्यांच्या फोनवर येत होते. दाते शोधण्यासाठी नातेवाईक जिवाचं रान करत होते. त्याच वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून पाहिलं. प्लाझ्मा देऊन मृत्यू कमी झाले नाहीत, आजार गंभीर होणंही टळलं नाही. पुढे ब्रिटनच्या कितीतरी मोठ्या 'रिकव्हरी' चाचणीतही तेच दिसलं आणि मे २०२१ मध्ये प्लाझ्मा भारताच्या उपचार-सूचनांतून वगळला गेला.

ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी चालवलेल्या याच 'रिकव्हरी' चाचणीने एक जुनं औषध उजेडात आणलं: डेक्सामेथासोन. स्टेरॉइड द्यावं की नाही यावर २०२० च्या सुरुवातीला डॉक्टरांमध्ये दोन तट होते. ते प्रतिकारशक्ती दाबतं, मग विषाणूला मोकळं रान मिळणार नाही का? पहिला रुग्ण मार्चमध्ये दाखल झाला आणि १६ जूनला उत्तर हाती आलं. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर उतरलं, ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही, उलट आकडे नुकसानीकडे झुकलेले होते. म्हणजे फुप्फुसं पेटतात ती शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराने. ती आग लागलेली असेल तेव्हाच हे औषध तारतं. दुसऱ्या लाटेत ज्यांनी गरज नसताना घरच्या घरी स्टेरॉइड घेतली आणि ज्यांचा मधुमेह आटोक्यात नव्हता, त्यांच्यात काळ्या बुरशीने घातलेला धुमाकूळ महाराष्ट्राने पाहिला आहे. औषध कोणतं याइतकंच ते कुणाला आणि कधी, हेही चिठ्ठीच सांगते.

प्लास्टिकवरच्या दोन रेघा

बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाने जगात दरवर्षी हजारो स्त्रिया जीव गमावतात. औषधं आहेत, ती माहीत आहेत, बहुतेक ठिकाणी उपलब्धही आहेत. मग मृत्यू का? कारण रक्त किती गेलं हे वेळेत कळतच नाही. चादरीत मुरलेलं, फरशीवर सांडलेलं, पाण्यात मिसळलेलं रक्त नजरेने मोजायचं असतं आणि अनुभवी डोळाही ते कमीच धरतो.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर काम करताना यावर एक साधा उपाय वापरला. नरसाळ्यासारखी पिशवी असलेलं प्लास्टिकचं कापड. बाळ बाहेर आलं की ते आईच्या कमरेखाली सरकवायचं, रक्त पिशवीत उतरतं आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा असतात. नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप त्यांनी ताडून पाहिलं, तेव्हा नजर सुमारे एक तृतीयांश रक्त हिशोबात धरतच नाही असं दिसलं. याच पिशवीच्या भरवशावर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत १,६२० बाळंतिणींची चाचणी झाली. परिचारिकांनी घरात किंवा उपकेंद्रात दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आणलं. हे २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

ही पिशवी पुढे आफ्रिकेत एका विलक्षण चाचणीचा आधार झाली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक बाळंतपणं. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या या 'ई-मोटिव्ह' चाचणीत चिठ्ठी बायकांच्या नावाने नाही, रुग्णालयांच्या नावाने टाकली. प्लास्टिकचं कापड दोन्ही गटांना दिलं होतं. एका गटाच्या कापडावर मात्र काहीच खुणा नव्हत्या. दुसऱ्या गटाच्या कापडावर माप होतं आणि त्यात दोन रेघा महत्त्वाच्या: ३०० मिलिलिटरला इशारा, ५०० ला कृती. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी रक्त आणि गर्भाशयाचा घट्टपणा पाहायचा, नाडी आणि रक्तदाबही तपासायचा. रक्त ५०० च्या रेघेला टेकलं, किंवा ३०० ओलांडून बाकीची लक्षणं बिघडली, की पोट चोळणं, गर्भाशय आकुंचन पावण्याचं औषध, रक्त गोठायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी, हे सगळं एकदमच सुरू करायचं. एक करून पाहू, नाही जमलं तर दुसरं, असं थांबत बसायचं नाही.

खुणा नसलेल्या कापडाच्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्यांचाच तो ओळखला गेला, ५१ टक्के. रेघांच्या रुग्णालयांत ९३ टक्के. लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यानेच मृत्यू येणं, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरलं. एकही नवं औषध शोधलेलं नव्हतं. कापडावरचं माप आणि एकमुखाने ठरवलेली पाच कामं, एवढाच फरक होता.

पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ

चिठ्ठी आणि क्षयरोग यांचं नातं जुनं आहे. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी चिठ्ठीने झाली आणि आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला. १९५९ मध्ये मद्रासहून दुसरं मोठं उत्तर आलं. सॅनेटोरियममध्ये आराम, हवा आणि सकस आहार मिळणारे क्षयरोगी आणि झोपडीतल्या घरी राहून फक्त औषध घेणारे, दोघेही जवळपास सारखेच बरे झाले. जगभरची सॅनेटोरियमं हळूहळू बंद होण्यामागे हा निष्कर्ष होता. पण त्याबरोबर एक समजही रुजला: औषध असलं की पुरे, अन्नाचं फारसं महत्त्व नाही.

डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला. रोग झाल्यावरचं सोडा. जो अजून झालेला नाही तो अन्नाने टळेल का? क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना रोग होत नाही, कारण प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांना वेढून जखडून ठेवतात. उपासमारीत या पेशींची कुमक आटते आणि वेढा ढिला पडतो.

त्यांनी २,८०० रुग्णांच्या घरांतली १०,००० हून अधिक माणसं घेतली. रुग्णाला अन्नाची टोपली सगळ्याच घरांत मिळाली. चिठ्ठी पडली ती बाकीच्या कुटुंबासाठी. निवडलेल्या गटात दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. मोठ्या माणसाला दिवसाकाठी ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं जादा मिळाली, एवढंच. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. हवेतून पसरणारा, तपासणीत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. एखाद्या लसीने अशी कामगिरी केली असती तर पहिल्या पानावर मथळे झळकले असते. इथे हे काम डाळ-तांदळाने केलं. रुग्णांच्या बाबतीतही एक गोष्ट दिसली: पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता.

शून्य

आतापर्यंतची सगळी उत्तरं जुन्या गोष्टींची. आता अगदी नव्या औषधाची. एचआयव्ही टाळण्यासाठी रोज एक गोळी घ्यायची सोय बरीच वर्षं आहे. पण घरात गोळ्यांची डबी सापडली तर नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, या भीतीने ती नियमित घेणं आफ्रिकेतल्या तरुण मुलींना जमत नव्हतं. लेनाकॅपाविर हे औषध वर्षातून दोनदाच पोटावर कातडीखाली टोचायचं. विषाणूचं जनुकीय द्रव्य ज्या प्रथिनांच्या कवचात असतं, त्याच कवचाला ते चिकटतं आणि त्याची जुळवणी बिघडवतं.

दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वयाच्या ५,००० हून अधिक मुलींवर चाचणी झाली. प्रत्येकीला इंजेक्शनही आणि गोळ्याही; खरं औषध कशात आहे हे मुलीला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. २०२४ मध्ये आकडे उघडले. रोजच्या जुन्या गोळीच्या गटात १,०६८ पैकी १६ जणींना एचआयव्हीची लागण झाली, रोजच्याच दुसऱ्या, नव्या गोळीच्या गटात २,१३६ पैकी ३९ जणींना. लेनाकॅपाविरच्या गटात २,१३४ मुली होत्या. लागण झालेल्या: शून्य. चाचणी इथेही मध्येच थांबवली, पण या वेळी आनंदाने, सगळ्यांना हे औषध देता यावं म्हणून. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८,००० डॉलरच्या वर आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांनी २०२७ पासून १२० देशांना ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं.

सही करणारे

या सगळ्या चाचण्यांत आकड्यांमागे माणसं आहेत, आणि त्यातली बरीचशी अशी, ज्यांच्या वाट्याला नवा उपचार आलाच नाही. झारखंडमध्ये ज्या घरांतल्या माणसांना जादा धान्य मिळालं नाही, त्यांच्याशी ताडून पाहिल्यावरच ३९ टक्के हा आकडा उभा राहिला. वाचलेल्यांइतकंच श्रेय त्यांचंही आहे. म्हणूनच चिठ्ठी टाकायला कडक अट असते: दोन्हींपैकी चांगलं काय हे खरोखर कुणालाच माहीत नसलं पाहिजे. 'मला अजून माहीत नाही' हे डॉक्टरने मान्य केल्याशिवाय अशी चाचणी सुरूच होऊ शकत नाही, आणि चालू असताना एक स्वतंत्र समिती आकड्यांवर पहारा ठेवते.

भारतात होणारी प्रत्येक चाचणी २००९ पासून सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. उद्या एखाद्या रुग्णालयात तुमच्यापुढे किंवा तुमच्या आईपुढे संमतीचा कागद आला, तर तो तुमच्या भाषेत मागून घ्या आणि निवांत वाचा. तुलना कशाशी आहे, नेमकं काय मोजणार आहात, त्रास झाला तर जबाबदारी कुणाची, मध्येच सोडता येईल का, हे विचारा. सोडता आलंच पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. वर्तमानपत्रात 'चमत्कारी औषध' असा मथळा दिसला, तरी आधी हेच शोधा: कुणाशी ताडून पाहिलं, किती जणांत, आणि चिठ्ठी टाकली होती का? उत्तरं समाधानाची असतील, तर खुशाल थक्क व्हा. त्या आश्चर्याला भक्कम पाया असेल.